कडूबाला पान लागलं नव्हतं

मल्हारी पाच वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. जमिनीवर बसून तो जेवला आणि हात धुवायला उठू लागला. आधी त्यानं दोन्ही तळहात फरशीवर टेकले, ढुंगण वर उचललं, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा दुसऱ्या गुडघ्यावर, आणि स्वतःच्याच मांड्यांना धरत, चढण चढावी तसा तो उभा राहिला. पुतळाबाई पीठ मळत होती. तिचे हात परातीतच थांबले. असं उठणारं माणूस तिनं आजवर एकच पाहिलं होतं. तिचा थोरला भाऊ कडूबा.

त्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. पुढची दोन वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

तिचं माहेर सोयगावच्या बाजूला, मेंढरं राखणाऱ्यांचं. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं तिसऱ्याचं नाव कडूबा ठेवलं होतं, कडू नावाकडं काळ फिरकू नये म्हणून. कडूबा सात वर्षांचा होईतो पळायचा, मग पडायला लागला, दहाव्या वर्षी बसला तो बसलाच. पुतळा त्याला पाठुंगळी घेऊन ओढ्यावर न्यायची. देवरुषी झाले, अंगारे झाले, झाडपाला झाला. पाहुणे आले की बाप त्याला मागच्या छपरात नेऊन ठेवायचा. सोळाव्या वर्षी छातीत कफ भरून तो गेला, आणि वर्ष फिरायच्या आत पुतळाला स्थळ आलं. मुलगा कारखान्यात कामाला. आईनं तिला चुलीपाशी बसवून सांगितलं, "कडूबाला पान लागलं, असं म्हनायचं. दुसरं काय बी बोलायचं नाय. तुझ्यामागं सत्यभामा हाय, तिचं बी उजवायचंय." पान लागणं म्हणजे साप चावणं. त्या भागात दरसाल कुणी ना कुणी त्यानं जायचंच, त्यामुळं कुणी जास्त विचारलं नाही. सुपारी फुटली. पुतळा चहाचं ताट घेऊन उभी होती. बाप पाहुण्यांना सापाचं सांगत होता, आणि सासूनं तिच्याकडं पाहिलं तेव्हा तिनंही मान हलवली होती.

नवरा मुंजाबा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेसवर होता. त्यांच्या सात पिढ्यांत मेंढरं सोडून पगारावर गेलेला पहिला माणूस. मुकुंदवाडीत दोन खोल्या, दारात सायकल, आणि घरात आई सारजाबाई. मल्हारीवर त्याचा जीव होता. पोराच्या पिंढऱ्या चांगल्या जाड, टणक होत्या. मुंजाबा त्या येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. "तालमीत घालतो बघा ह्याला!" पोर पडायला लागलं तेव्हा त्याला वाटलं, नाटकं करतंय. शाळेत जायचा कंटाळा. मग तो मारू लागला.

एकदा शहराजवळच्या सातारा गावच्या खंडोबाला गेले होते. मल्हारी पायरीपाशी थांबला आणि म्हणाला, "दादा, उचला." मुंजाबा म्हणाला, चढ. पोरानं दोनदा पाय उचलला, दोनदा खाली आला. भंडारा घेऊन माणसं बाजूनं चढत होती, बघत होती. मुंजाबानं सगळ्यांदेखत पोराच्या कानफटात दिली. "धनगराचं पोर हाय का कोन हाय? चढ!" मल्हारी हातांवर रांगत वर गेला. पुतळाबाई नारळाची पिशवी छातीशी धरून उभी होती. एक वाक्य बोलली असती तर तो हात खाली आला असता. ते वाक्य तिच्या तोंडात आलंही. तिनं ते गिळलं.

गल्लीतल्या डॉक्टरनं कॅल्शियम कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. सारजाबाईनं सहा महिने तेल चोळलं. शेवटी शाळेच्या गुरुजींनी मुंजाबाला बोलावून घेतलं. "पोरगं हुशार आहे, पण प्रार्थनेला बसलं की उठायला त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. आळस नाही हा. मोठ्या दवाखान्यात दाखवा."

मोठ्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या विभागात डॉक्टर आबेदा काझी बसायच्या. तिशीच्या आतबाहेरच्या, बारीक चणीच्या, बोलणं हळू. त्यांनी मल्हारीला तपासायच्या टेबलावर घेतलंच नाही. स्वतः खुर्चीवरून उठल्या, त्याच्यासमोर फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आता आपण दोघं उठायचं. बघू कोण आधी उठतं."

त्या मुद्दाम बसूनच राहिल्या. मल्हारी उठला. हात फरशीवर, हात गुडघ्यावर, हात मांडीवर.

"शाब्बास. तू जिंकलास," डॉक्टर म्हणाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्यांनी त्याच्या पिंढऱ्या दोन्ही हातांनी दाबून पाहिल्या. काखेत हात घालून त्याला उचललं, तर पोर खांद्यांतून निसटून खाली सरकू लागलं.

"पयल्यापासून पहिलवानच हाय," सारजाबाई कौतुकानं म्हणाली.

"ही ताकद नाही, आजी. स्नायू झिजतो आणि त्याच्या जागी चरबी भरते. म्हणून जाड दिसतात." मग त्यांनी कागद ओढला. कधी चालायला लागला, कधीपासून पडतो, जिना कसा चढतो, सगळं विचारून लिहिलं. कागदाच्या कोपऱ्यात चौकोन आणि गोल काढले. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. "आता मी विचारते ते नीट आठवून सांगा. असा आजार आईच्या घरातून येतो. आईला स्वतःला काही होत नाही, पण मुलाला होतो. ताई, तुमच्या माहेरी कुणाला असं होतं? मामा? भाऊ?"

खोलीत पंखा फिरत होता. सारजाबाई शेजारी, मुंजाबा मागं उभा.

"नाय," पुतळाबाई म्हणाली.

"भाऊ किती?"

"एकच व्हता. वारला."

"कशानं?"

"पान लागलं त्याला," सारजाबाईनंच सांगून टाकलं. "तरनंताठं पोर गेलं, बाई. सोयरीक जुळली तवा आमाला समदं सांगितलं हुतं त्यांनी."

डॉक्टरांनी पुतळाबाईकडं पाहिलं. पुतळाबाईनं मान हलवली. आठ वर्षांपूर्वी हलवली होती तशीच. डॉक्टरांनी एका चौकोनावर, गेलेला माणूस म्हणून, तिरकी रेघ मारली आणि शेजारी काहीतरी लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिथं साप लिहिलाय हे तिला कळलं.

आठ दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. स्नायू फुटले की रक्तात उतरणारा एक पदार्थ असतो, तो पोराच्या रक्तात पन्नासपटीच्या वर होता. "मला जी शंका आहे तो आजार वाईट आहे," त्या म्हणाल्या. "त्याला आज तरी औषध नाही. पण असाच दिसणारा दुसरा एक आजार असतो. त्यात स्नायूंना सूज येते, आणि त्याला गोळ्या आहेत. तुमच्या घरात आधी कुणाला असं झालं असतं तर मी इथंच ठामपणे सांगितलं असतं. पण तुमच्याकडं कुणीच नाही. म्हणून मांडीतला एक छोटा तुकडा काढून मुंबईला पाठवावा लागेल. उगीच आशा लावत नाही, पण औषध असलेला आजार नजरेतून सुटायला नको."

"औषध हाय?" मुंजाबा एकदम पुढं सरकला. त्याला बाकीचं काही ऐकूच आलं नव्हतं. "काढा की मग तुकडा. आजच काढा."

पुतळाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा पगार हातात ठेवताना त्याचा चेहरा असा झाला होता. तिला वाटलं, आता. आता बोलावं. सासू बाहेर बाकावर आहे, ऐकणारी दोनच माणसं आहेत. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मुंजाबानं कागदावर सही केली.

मांडी बधीर करायला सुया टोचल्या तेव्हापासून मल्हारी ओरडत होता. पुतळाबाई त्याच्या डोक्याशी उभी राहून त्याचे हात धरून होती. मध्ये हिरवा कपडा होता, पलीकडचं दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणत होत्या, दुखणार नाही, नुसतं ओढल्यासारखं वाटेल. पोरानं मान उलटी करून आईकडं बघितलं. "माय, सांग ना त्यांना! माय, तू सांग ना!"

थांबायला सांग, एवढंच तो म्हणत होता. पण तिला वाटलं, पोराला सगळं माहीत आहे.

"झालं रं, झालं. झालंच," ती म्हणत राहिली.

त्या दिवसांत शहर तापलेलं होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा सोळा वर्षांचा लढा आता शेवटाला आलाय असं सगळे म्हणत होते. संक्रांत तोंडावर आली होती. आज मोर्चा, उद्या बंद, चौकाचौकात पोलीस. मुंजाबाच्या कारखान्यातही दोन गट पडले होते, जेवणाच्या सुट्टीत डबे वेगवेगळ्या भिंतींना उघडत. तो त्यातल्या कशातच नव्हता. त्याचं लक्ष मुंबईच्या कागदाकडं लागलं होतं. पोरावर हात उगारायचं त्यानं बंद केलं होतं. उलट संध्याकाळी कामावरून आला की टाके पडलेल्या मांडीखाली उशी सरकवायचा.

एक दिवस तो औरंगपुऱ्यातून कॅनव्हासचे पांढरे बूट घेऊन आला. मल्हारीच्या पायाला ते दोन बोटं मोठे होत होते.

"मोठंच घेतलं," तो बायकोला म्हणाला. "गोळ्या लागू पडस्तवर सा म्हैने जातील. तवर पाय वाढंल. मग पळंल की यात."

पोरानं बूट छातीशी धरले. पुतळाबाई उठून मोरीत गेली आणि रिकामी बादली उगाच विसळत बसली.

दुसऱ्या दिवशी बंद होता. शहर बसही नाही, रिक्षाही नाही. मुंजाबाला मात्र कारखान्याच्या गाडीनं पहाटेच नेलं होतं. पुतळाबाईनं भाकरी केल्या, पोराला सासूजवळ दिलं, "आलेच" म्हणाली आणि निघाली. जालना रोडनं चालत राहिली. दुकानांची शटरं खाली होती. रस्ता एवढा रिकामा तिनं कधी पाहिला नव्हता. क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या. एका हवालदारानं काठी आडवी धरली.

"बंद आहे, दिसत नाही? कुठं चाललीस?"

"दवाखान्यात."

"पेशंट कुठंय?"

"मीच," ती म्हणाली. त्यानं तिला वरखाली पाहिलं आणि काठी बाजूला घेतली.

दवाखान्यात त्या दिवशी गर्दी नव्हती. डॉक्टर आबेदा एकट्याच कागद चाळत बसल्या होत्या. पुतळाबाई दारातच उभी राहिली.

"बाई, माझ्या भावाला पान लागलं नव्हतं."

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. पुतळाबाई उभ्या उभ्या सगळं सांगत गेली. कसा उठायचा, कधी बसला, बोटं किती दिवस हालत होती, शेवटी श्वास कसा घ्यायचा. सांगताना ती भिंतीकडं पाहत होती. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं, ताई."

"व्हय."

"पोराची मांडी कापली मी." त्यांचा आवाज चढला होता, त्यांनाही ते कळलं. त्या उठल्या, माठातलं पाणी काढून तिच्या हातात दिलं, खुर्ची ओढली. "बसा. किती चालत आलात?"

"मुकुंदवाडीहून."

थोड्या वेळानं त्यांनी तो जुना कागद काढला. साप लिहिलेलं खोडलं, रेघ मारलेला चौकोन, हाच आजार होता म्हणून, पेननं पूर्ण काळा केला. "नाव काय होतं त्यांचं?"

"कडूबा." घराबाहेरच्या माणसापुढं तिनं हे नाव असं पहिल्यांदाच घेतलं. ते घेताना तिला रडू येईल असं वाटलं होतं. आली ती लाजच, कानापर्यंत. त्याला पाहुण्यांपासून लपवताना बापाबरोबर छपराचं दार तीही लोटायची, ते तिनं डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.

"बहीण आहे?"

"सत्यभामा. पैठणला दिलीय. सातवा म्हैना हाय तिला."

डॉक्टरांनी डोळे मिटून उघडले. "तिला कळायला पाहिजे. तिच्यातही हे असेलच असं नाही. असलं तरी प्रत्येक मुलाला होत नाही. पण तिला माहीत पाहिजे. घरी कोण सांगणार? तुमच्या मिस्टरांना मी सांगू?"

"नको," पुतळाबाई म्हणाली. "माझ्याच तोंडानं सांगते."

दुपारी चारला मुंजाबा आला. तो चहा पीत असतानाच तिनं सांगितलं. सासूही तिथंच होती. तिला बाहेर जायला सांगावं असं एकदा मनात आलं, पण सांगितलं नाही. मुंजाबानं कप खाली ठेवला.

"म्हंजी औषध नाय," तो म्हणाला.

खोट्याबद्दल तो काही बोललाच नाही. सारजाबाईनं मात्र घर डोक्यावर घेतलं. फसवलं आमाला, सोयरीक नव्हं सापळा हुता, आत्ताच्या आत्ता माहेरी धाडा हिला. पुतळाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. सगळं खरंच होतं. बऱ्याच वेळानं मुंजाबानं आईला हातानं थांबवलं आणि बायकोकडं न बघता म्हणाला, "खंडोबाच्या पायरीवर मी त्याला मारलं. तू बघत व्हतीस."

"व्हय."

"तुला ठावं व्हतं, अन् तू बघत व्हतीस."

तिला वाटलं तो उठून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, आतल्या खोलीत पोराजवळ गेला आणि दाराकडं पाठ करून बसला. त्याचे खांदे हलत होते. मल्हारी विचारत होता, "दादा, काय झालं? दादा, तुमाला कुनी मारलं?"

विद्यापीठाचा निर्णय झाला, रस्ते सुरू झाले, तशी ती पैठणच्या एसटीत बसली. सत्यभामानं बहिणीला पाहून आनंदानं पाट मांडला. पुतळाबाईनं आधी घरात कोण आहे ते पाहिलं. सासू ओसरीवर गहू निवडत होती. पुतळाबाईनं आतलं दार हळूच लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात सुरुवात केली.

सत्यभामा कडूबा गेला तेव्हा आठ वर्षांची होती. त्या आठवड्यात तिला मामाकडं धाडलं होतं. भाऊ झाडावरून पडून अधू झाला आणि पुढं त्याला पान लागलं, एवढंच तिला सांगितलेलं. ऐकता ऐकता तिचा हात पोटावर गेला.

"म्हंजी मला बी खोटंच सांगितलं तुमी?"

"आईनं सांगितलं, तसं…"

"आई गेली, आक्का. चार वर्सं झाली तिला. तू तर हाईस न्हवं?" ती रडत नव्हती, तिचा राग कोरडा होता. "माझ्या लग्नात तू हुतीस. मला दिवस गेले तवा लुगडं घेऊन आलतीस. तवा बी मल्हारी पडत हुता. अन् तुला सांगू का, तू आज सांगायला आलीस, पन आत आल्या आल्या दार लोटलंस."

सत्यभामा उठली, कमरेवर हात ठेवून दारापर्यंत गेली, आणि दार सताड उघडून ओसरीवरच्या सासूला हाक मारली, "आत्याबाई, जरा आत या. माझी बहीन काय सांगायला आलीय ते तुमी बी ऐका."

मुंबईचा कागद आला, त्यातही तोच आजार होता. डॉक्टर आबेदांनी मुंजाबाला पोराच्या पायांचे व्यायाम शिकवले. टाच ओढून धरायची, वीस मोजायचे, सोडायचं. तो रोज कामावर जायच्या आधी न चुकता ते करायचा. बायकोशी तो कामापुरतं बोलायचा. सारजाबाईनं तिला माहेरी धाडलं नाही, पण पुढं कित्येक महिने स्वतःची भाकर स्वतः थापली.

सत्यभामाला चैत्रात मुलगा झाला. सव्वा महिना झाल्यावर ती त्याला घेऊन दवाखान्यात आली, बरोबर तिची सासू. पुतळाबाईला तिनं निरोप धाडला नव्हता, तिच्या नवऱ्यानं मुंजाबाला कळवलं होतं, म्हणून पुतळाबाई आपण होऊन गेली. बहीण तिच्याशी बोलली नाही, पण बाकावर सरकून तिला जागा दिली. नंबर आला तशी बाळाला घेऊन ती एकटीच आत गेली. दार उघडंच राहिलं. डॉक्टरांनी काही विचारायच्या आत सत्यभामाचा आवाज खणखणीत बाहेर आला, "माझ्या थोरल्या भावाला व्हतं, कडूबा त्याचं नाव. बहिनीच्या पोराला बी हाय. माझ्या बाळाचं रगत तपासा."

बाकावरच्या बायका कान देऊन ऐकत होत्या. एकीनं वळून पुतळाबाईला विचारलं, "तुमचीच का बहीन?"

पुतळाबाईचा चेहरा तापला. मान आपोआप खाली गेली.

"व्हय," ती म्हणाली, "माझीच," आणि तिथंच बसून राहिली.